रुळावरून रस्त्यावर : मालवाहतूक धोरणामागील वर्गहित

रेल्वेवरचा माल ट्रकवर का गेला, या प्रश्नाला सरकारी गोटातून गेली चाळीस वर्षे एकच ठरीव उत्तर मिळत आले आहे. ट्रक दाराशी येतो, रेल्वे येत नाही. ट्रक ठरल्या दिवशी पोहोचतो, मालगाडी मात्र यार्डात कुजत पडते. व्यापारी आपला नफा-तोटा पाहून साधन निवडतो. त्यात शासनाचा काय दोष? भांडवली वृत्तपत्रांचे अग्रलेख, जागतिक बँकेचे अहवाल आणि निवृत्त सनदी अधिकाऱ्यांची व्याख्याने या उत्तराची री ओढीत असतात, आणि त्यामागोमाग ठरलेला उपायही सुचवितात : रेल्वेचे खाजगीकरण.

हे उत्तर अर्धसत्य आहे, आणि अर्धसत्याचा प्रतिवाद हा असत्याच्या प्रतिवादापेक्षा अधिक काळजीपूर्वक करावा लागतो. ट्रक दाराशी येतो हे खरे आहे. मालगाडी यार्डात पडून राहते हेही बव्हंशी खरे आहे. प्रश्न असा की, ती का पडून राहते? तिच्यासाठी स्वतंत्र मार्ग कोणी घातला नाही? ट्रकसाठी चौपदरी, सहापदरी रस्ता कोणी, कोणाच्या पैशाने बांधला? व्यापाऱ्याने निवड करण्यापूर्वीच कोणीतरी निवड करून ठेवलेली असते. ती निवड म्हणजेच शासनाचे गुंतवणूक-धोरण होय.

आकडे काय सांगतात?

१९५०-५१ साली देशातील मालवाहतुकीपैकी (टन आणि किलोमीटर यांच्या गुणाकाराने मोजली असता) ८५ टक्क्यांहून अधिक वाहतूक रेल्वे करीत होती. २०२० साली पुढे आलेल्या राष्ट्रीय रेल्वे योजनेत हा हिस्सा सुमारे २७ टक्क्यांवर घसरल्याची कबुली रेल्वे मंत्रालयानेच दिली, आणि २०३० पर्यंत तो ४५ टक्क्यांवर नेण्याचा संकल्प सोडला. या काळात रेल्वेने वाहिलेला माल घटला, असे कोणी समजू नये. १९५०-५१ मधील ७.३ कोटी टनांवरून तो २०२४-२५ मध्ये १६० कोटी टनांच्या वर गेला. रेल्वे कामगारांनी वीस पटींहून अधिक बोजा वाहून दाखविला आहे. देशाचे उत्पादन मात्र त्याहूनही वेगाने वाढले, आणि त्या वाढीला सामावून घेण्याइतके रूळ देशात घातले गेले नाहीत.

१९५१ साली देशात सुमारे ५३,६०० किलोमीटर लांबीचे रेल्वेमार्ग होते. पाऊणशे वर्षांनंतर ते सुमारे ६९,००० किलोमीटर झाले आहेत. राष्ट्रीय महामार्ग त्या वेळी सुमारे २०,००० किलोमीटर होते. २०२४ साली त्यांची लांबी १ लाख ४६ हजार किलोमीटरच्या वर गेली होती. यांतील पुष्कळ रस्ते पूर्वीचे राज्यमार्गच असून त्यांचे केवळ नाव बदलले, हे खरे. दुहेरीकरण आणि विद्युतीकरण यांमुळे रुळांची क्षमता लांबीपेक्षा अधिक वाढली, हेही खरे. ही सूट दिल्यावरही उरणारी तफावत डोळ्यांत भरण्याजोगी आहे. सातव्या योजनेत वाहतूक क्षेत्रावरील खर्चापैकी निम्म्याहून अधिक वाटा रेल्वेचा होता. अकराव्या योजनेपर्यंत तो एक-तृतीयांशाच्याही खाली आला. या तफावतीचा जन्म नियोजन आयोगाच्या टेबलावर झाला, मालधक्क्यावर नव्हे.

इतिहासाची साक्ष

शासनसंस्था वाहतुकीच्या बाबतीत कधीच तटस्थ नव्हती. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली, ती काही मुक्त स्पर्धेच्या बळावर नव्हे. ब्रिटिश रेल्वे कंपन्यांच्या भांडवलावर ५ टक्के व्याजाची हमी ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने दिली होती आणि त्या हमीचा भार हिंदी रयतेच्या महसुलावर पडत होता. वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदरात आणि मँचेस्टरचे कापड वऱ्हाडच्या बाजारात, या दोन टोकांसाठी रूळ घातले गेले. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही अरुंद मार्गाची ‘शकुंतला’ त्याच कापसासाठी धावली. देश स्वतंत्र झाल्यावरही कित्येक दशके ती एका खाजगी कंपनीच्या मालकीत राहिली आणि भारतीय रेल्वे तिच्यावर गाडी चालविण्याबद्दल कंपनीला मोबदला देत राहिली.

१९३० नंतर मोटार-ट्रक रेल्वेच्या उत्पन्नात वाटा मागू लागला, तेव्हा याच सरकारने ‘स्पर्धे’चा जप केला नाही. १९३२-३३ साली मिचेल-कर्कनेस चौकशी झाली, १९३७ साली वेजवूड समितीचा अहवाल आला आणि १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने ट्रकच्या परवान्यांवर जाचक बंधने घातली. रेल्वेत ब्रिटिश भांडवल अडकले होते. त्याला संरक्षण देणे हे वसाहती शासनाचे कर्तव्य होते.

यातून निघणारा बोध साधा आहे. रुळाला अथवा रस्त्याला स्वतःचा असा वर्ग नसतो. वर्ग असतो तो धोरणाला. ज्या वर्गाची गुंतवणूक जेथे, तेथे शासनाचे संरक्षण. १९३९ साली ते रुळाला मिळाले. १९७५ साली राष्ट्रीय परवान्याची पद्धत आली, १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने मालमोटारींचे परवाने जवळजवळ खुले केले, आणि १९९१ नंतर तर संरक्षणाचा सारा ओघ रस्त्याकडे वळला. मधल्या काळात शासनाला कोणी सावध केले नाही, असे नाही. १९७३ च्या तेलसंकटानंतर नेमलेल्या, बी. डी. पांडे यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय वाहतूक धोरण समितीने १९८० साली लांब पल्ल्याचा जड माल रेल्वेकडेच राहिला पाहिजे, आयात तेलावरील भार कमी करण्यासाठी विद्युतीकरण वाढविले पाहिजे, असे स्पष्ट बजावले होते. अहवाल कपाटात गेला आणि माल रस्त्यावर.

दोन वह्या, दोन न्याय

रेल्वे आणि रस्ता यांची ‘स्पर्धा’ कोणत्या अटींवर झाली, हे पाहावयाचे तर हिशेबाच्या वह्या उघडल्या पाहिजेत.

अॅकवर्थ समितीच्या शिफारशीनुसार १९२४ साली रेल्वेचे अंदाजपत्रक वेगळे झाले, ते २०१७ साली सर्वसाधारण अंदाजपत्रकात विलीन होईपर्यंत वेगळेच राहिले. या व्यवस्थेत शासनाने रेल्वेत घातलेल्या भांडवलावर रेल्वेने शासनाला लाभांश द्यावयाचा, असा दंडक होता. काही वर्षांची तहकुबी सोडल्यास २०१५-१६ पर्यंत रेल्वे तो भरत आली. म्हणजे रेल्वेने आपला मार्ग स्वतः घालावयाचा, त्याची डागडुजी स्वतः करावयाची, सिग्नल, पूल आणि सुरक्षा दल यांचा खर्च स्वतः सोसावयाचा, निवृत्तांचे वेतन स्वतः द्यावयाचे, आणि वर भांडवलावर लाभांशही मोजावयाचा.

रस्त्याची वही याच्या उलट आहे. ट्रक ज्या मार्गावरून धावतो तो मार्ग ट्रक-कंपनीच्या ताळेबंदात कोठेच नसतो. १९२७ च्या जयकर समितीनंतर, १९२९ साली केंद्रीय मार्ग निधी निर्माण झाला. २००० च्या कायद्याने त्याला पेट्रोल-डिझेलवरील उपकराचा कायमचा स्रोत मिळाला. हा उपकर दुचाकीवरून कामाला जाणारा कामगार आणि डिझेल पंपावर पाणी उपसणारा शेतकरीही भरतो. सुवर्ण चतुष्कोनाचे ५,८४६ किलोमीटर याच पैशाच्या आणि जागतिक बँकेसारख्या संस्थांच्या कर्जांच्या जोरावर उभे राहिले. २०२२ पर्यंत राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाच्या डोक्यावर सुमारे साडेतीन लाख कोटी रुपयांचे कर्ज साचले. तेव्हा केंद्र सरकारने काय केले? प्राधिकरणाचे नवे कर्ज थांबविले आणि अंदाजपत्रकातून त्याला पैसा पुरविण्यास प्रारंभ केला. रस्ता तोट्यात गेला की ती राष्ट्रउभारणी ठरते. रेल्वे तोट्यात गेली की ती अकार्यक्षमता ठरते!

टोल भरला जातो, असा आक्षेप कोणी घेईल. परंतु ट्रकने रस्त्याची जी झीज होते तिची भरपाई टोलने होत नाही. आसावर पडणाऱ्या भाराच्या साधारण चौथ्या घाताने रस्ता झिजतो, हा अभियांत्रिकीतला परिचित नियम आहे; भार पाचव्या हिश्श्याने वाढला तरी झीज दुपटीवर जाते. हे ठाऊक असूनही जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने जड वाहनांच्या आसांवरील अनुज्ञेय भार सुमारे २० ते २५ टक्क्यांनी वाढवून दिला. एका अधिसूचनेने ट्रकचे टनामागील भाडे स्वस्त झाले, रेल्वेच्या हातचा माल निसटला, आणि फुटलेल्या रस्त्यांचे देयक जनतेच्या नावे लागले. याला बाजाराचा निर्णय कसे म्हणावयाचे?

याखेरीज एक वही अशीही आहे, जी उघडलीच जात नाही. २०२२ साली देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांपैकी एक-तृतीयांशाहून अधिक मृत्यू राष्ट्रीय महामार्गांवर झाले. ही हानी, आयात डिझेलवर जाणारे परकीय चलन आणि महामार्गाकाठच्या गावांनी गिळलेला धूर कोणत्याही मालवाहतूक कंपनीच्या भाड्यात मोजला जात नाही. पोलादी रुळावर पोलादी चाक फिरविण्यास लागणारी शक्ती डांबरावर रबरी चाक फिरविण्यापेक्षा कितीतरी कमी असते. एक मालगाडी साडेतीन ते चार हजार टन कोळसा ओढते. तेवढ्यासाठी महामार्गावर शेकडो ट्रक उतरवावे लागतात. देशातील ब्रॉडगेज मार्गांचे विद्युतीकरण आता जवळजवळ पूर्ण झाले आहे. असे असता सार्वजनिक पैशाने डिझेलची वाहतूक वाढविणे हा शहाणपणा कोणाच्या हिताचा?

लहान गिऱ्हाईकाला रेल्वेने हाकलले

‘रेल्वे दाराशी येत नाही’ या आरोपाचाही इतिहास आहे. एके काळी रेल्वे लहानसहान माल घेत असे. छोट्या स्थानकाच्या मालधक्क्यावर व्यापारी चार पोती, शेतकरी दहा टोपल्या आणून टाकी. एखाददुसरी वाघीण भरली की ती मालगाडीला जोडली जाई आणि भुसावळ किंवा मुघलसराय यांसारख्या मोठ्या यार्डात तिची छाननी होऊन ती आपल्या मार्गाला लागे. या पद्धतीला वेळ लागे, हे नाकारण्याचे कारण नाही. तिच्यात सुधारणा करणे, यार्डांचे यांत्रिकीकरण करणे, लहान पेट्यांची सोय करणे हा एक मार्ग होता. १९८० नंतर शासनाने दुसरा मार्ग धरला. सुटा माल टाकून द्यावयाचा आणि पूर्ण गाडी भरून देणाऱ्या गिऱ्हाइकाचीच पाठ धरावयाची, हे धोरण ठरले. रेल्वेचा टनाचा आकडा फुगला. पण तो कोणाच्या मालाने? कोळसा, लोहखनिज, सिमेंट, पोलाद, खत, धान्य आणि तेल यांच्या मालाने. आज रेल्वेच्या एकूण मालापैकी निम्म्याच्या आसपास एकटा कोळसा आहे. पूर्ण गाडी भरू शकतो तो कारखानदार. जो भरू शकत नाही तो शेतकरी आणि छोटा उत्पादक ट्रकच्या दलालाकडे ढकलला गेला. मालधक्के ओस पडले आणि त्यांवर पोट असलेल्या हमालांची कामे गेली. १९६९ च्या माथाडी कायद्याने महाराष्ट्रात या कामगारांना जे थोडेफार संरक्षण मिळाले होते, ते धक्काच बंद पडल्यावर कोणत्या कामाचे?

शेतकऱ्याला रेल्वे नको आहे, हा प्रचार किती खोटा आहे याचा पडताळा २०२० साली आला. ७ ऑगस्ट २०२० रोजी देवळालीहून दानापूरकडे पहिली किसान रेल्वे निघाली. फळे-भाजीपाल्याच्या भाड्यात निम्मी सवलत होती. नाशिकचा कांदा, सांगोल्याचे डाळिंब पार बिहार-बंगालपर्यंत जाऊ लागले, आणि लहान शेतकऱ्याची दहा-वीस पेट्यांची मोटही गाडीत चढली. धोरण बदलताच माल रुळावर आला! परंतु ती सवलत टिकविण्यात आली नाही. ज्या सरकारला महामार्ग प्राधिकरणाचे लाखो कोटींचे कर्ज पेलते, त्याला डाळिंबाच्या भाड्यातील निम्मा वाटा जड झाला.

प्रवासी विरुद्ध माल : एक खोटे भांडण

सरकारी पंडितांचा आणखी एक आवडता सिद्धांत आहे. प्रवासी भाडे कमी ठेवले जाते, त्याचा तोटा मालभाड्यावर लादला जातो, म्हणून मालभाडे महागते आणि माल पळतो. सबब प्रवासी भाडे वाढवा. या मांडणीतील पहिला भाग खरा आहे. रेल्वेच्या उत्पन्नाचा जवळजवळ दोन-तृतीयांश भाग मालवाहतूक कमावते आणि प्रवासी गाड्यांची तूट त्यातून भरून निघते. पण या दोन विधानांतून ‘सबब’ कोठून निघाले?

मुंबईचा उपनगरी प्रवासी, दिवाळीनंतर गावाकडून परतणारा बांधकाम मजूर, मनमाड किंवा इटारसीच्या फलाटावर रात्र काढणारा विद्यार्थी यांना स्वस्त प्रवास देणे हे समाजाचे कर्तव्य आहे. ते कर्तव्य असेल तर त्याचा खर्च सर्वसाधारण तिजोरीने, म्हणजे प्रामुख्याने कंपन्या आणि धनिक यांच्यावरील करांतून उचलला पाहिजे. आजवर शासनाने हा खर्च मालभाड्यावर टाकला. म्हणजे कोळशावाटे विजेवर, खतावाटे शेतकऱ्यावर, सिमेंटवाटे घरावर टाकला. आता तो प्रवाशावर टाकावयाचा बेत आहे. मार्च २०२० मध्ये ज्येष्ठ नागरिकांची भाडेसवलत काढून घेण्यात आली, ती याच वृत्तीने. २०१५ साली बिबेक देबरॉय समितीने तर रेल्वेमार्गांवर खाजगी गाड्यांना मुक्तद्वार देण्याचीच शिफारस केली. प्रवासी आणि माल यांच्यात भांडण लावून देणाऱ्यांना तिजोरीकडे कोणाचे लक्ष जाऊ नये, एवढेच साधावयाचे आहे.

या उपासमारीचे फळ २०२२ च्या उन्हाळ्यात देशाने चाखले. औष्णिक वीजकेंद्रांत कोळसा संपत आला, आणि कोळशाच्या गाड्यांना वाट मिळावी म्हणून प्रवासी गाड्यांच्या शेकडो फेऱ्या रद्द कराव्या लागल्या. दिल्ली, मुंबई, चेन्नई, कोलकाता यांना जोडणारे मार्ग हे एकूण जाळ्याच्या केवळ १६ टक्के. पण निम्म्याहून अधिक माल आणि निम्म्याहून अधिक प्रवासी त्यांवरूनच जातात. एकाच रुळावर एक्स्प्रेस, लोकल आणि कोळसा कोंबल्यावर मालगाडीचा सरासरी वेग ताशी २५ किलोमीटरच्या आसपास रेंगाळला, तर दोष मालगाडीचा की रूळ न घालणाऱ्याचा?

‘आता तर पैसा दिला आहे’

सरकारच्या कैवाऱ्यांचे यावर उत्तर तयार असते. अलीकडे रेल्वेचा भांडवली खर्च वाढला, हे ते अभिमानाने सांगतात. ते खोटे नाही. २०२४-२५ च्या अंदाजपत्रकात रेल्वेसाठी सुमारे २ लाख ५२ हजार कोटी आणि रस्ते मंत्रालयासाठी सुमारे २ लाख ७२ हजार कोटी रुपयांची भांडवली तरतूद होती. लुधियाना-सोननगर आणि दादरी-जवाहरलाल नेहरू बंदर हे २,८४३ किलोमीटरचे दोन समर्पित मालमार्ग हाती घेण्यात आले. मार्च २०२५ पर्यंत त्यांपैकी २,७४१ किलोमीटर चालू झाले होते. सार्वजनिक क्षेत्रातील रेल्वेला स्वतंत्र रूळ मिळाले की ती काय करू शकते, याचा हा पुरावा आहे. त्याचे श्रेय ते रूळ घालणाऱ्या आणि चालविणाऱ्या कामगार-अभियंत्यांना दिलेच पाहिजे.

परंतु तेवढ्याने हिशेब पुरा होत नाही. या मालमार्गांसाठीची कंपनी २००६ साली स्थापन झाली; अठरा वर्षांहून अधिक काळ उलटल्यावरही जो १०२ किलोमीटरचा तुकडा अपुरा होता, तो वैतरणा ते जवाहरलाल नेहरू बंदर हा होता. म्हणजे देशातील एका सर्वांत मोठ्या कंटेनर बंदराच्या तोंडाशीच रूळ तुटलेला होता. त्या बंदरातील कंटेनरांपैकी पाचातला एकही धड रेल्वेने जात नाही. बाकीचे पनवेल-कळंबोलीचे रस्ते तुंबवितात. याच काळात मुंबई-अहमदाबाद या ५०८ किलोमीटरच्या बुलेट ट्रेनसाठी १ लाख ८ हजार कोटी रुपयांचा अंदाज करून जपानी कर्ज उचलण्यात आले. प्राधान्य कशाला, याचे हे जिवंत उदाहरण.

महाराष्ट्रातील तुलना तर अधिकच बोलकी आहे. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाची घोषणा २०१५ साली झाली आणि जून २०२५ मध्ये त्याचे ७०१ किलोमीटर पूर्ण खुले झाले. दहा वर्षांत पैसा उभा राहिला, जमिनी घेतल्या गेल्या, डोंगर फुटले. अहमदनगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा रेल्वेमार्ग १९९५ साली मंजूर झाला. बीडच्या स्थानकावर पहिली गाडी उभी राहावयास सप्टेंबर २०२५ उजाडले, आणि परळी तेव्हाही दूरच होती. वर्धा-यवतमाळ-नांदेड हा २८४ किलोमीटरचा मार्ग २००८ साली मंजूर झाला. त्याचा पहिला ३८ किलोमीटरांचा तुकडा चालू व्हावयास २०२४ साल यावे लागले. ऊसतोडणीसाठी दर वर्षी घरदार सोडणारा बीडचा मजूर आणि आत्महत्यांनी होरपळलेला यवतमाळचा कापूस-उत्पादक यांना रूळ उशिरा मिळाला. मुंबईच्या मोटारीला रस्ता वेळेत मिळाला.

कोणाचे हित?

रस्त्याकडे हा ओघ का वळला, याचे उत्तर रस्त्याच्या बांधणीच्या पद्धतीत आहे. रेल्वेचे जाळे हे एकसंध आणि सार्वजनिक मालकीचे. त्याचे तुकडे करून नफा काढणे अवघड. रस्ता मात्र शे-पन्नास किलोमीटरच्या तुकड्यांत कंत्राटदारांना वाटता येतो. ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ पद्धतीत टोलवसुलीचा हक्क मिळतो. २०१६ नंतरच्या संमिश्र पद्धतीत बांधकाम चालू असतानाच ४० टक्के रक्कम शासन देते आणि उरलेली वार्षिक हप्त्यांनी फेडते; वाहने कमी आली तरी कंत्राटदाराचा हप्ता चुकत नाही. एकोणिसाव्या शतकातील ब्रिटिश कंपन्यांच्या ५ टक्क्यांच्या हमीची ही नवी आवृत्ती होय! बांधून झालेला रस्ता पुढे वित्तसंस्थांना टोलसह भाड्याने देता येतो. त्याभोवती मोटार-उद्योग, टायर, डिझेल, कर्जपुरवठा आणि जमिनींची सट्टेबाजी यांचे हितसंबंध गुंफलेले आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक रोखे घटनाबाह्य ठरविले आणि देणगीदारांच्या याद्या बाहेर आल्या, तेव्हा पायाभूत बांधकामांची कंत्राटे घेणाऱ्या कंपन्या त्यांत ठळकपणे झळकल्या, हे जनता विसरलेली नाही.

हा केवळ भारताचा अनुभव नाही. ब्रिटनमध्ये १९६३ साली बीचिंग अहवालाने हजारो मैलांचे रेल्वेमार्ग बंद करण्याची शिफारस केली. त्या वेळचे वाहतूक मंत्री अर्नेस्ट मार्पल्स हे रस्ते बांधणाऱ्या एका कंपनीच्या संस्थापकांपैकी होते. याउलट स्वित्झर्लंडने १९९४ साली जनमत कौल घेऊन आल्प्स ओलांडणारा माल रुळावर नेण्याचा निर्णय केला, २००१ पासून जड ट्रकवर अंतर आणि वजन यांनुसार कर बसविला, आणि त्या कराचा मोठा भाग रेल्वेच्या बोगद्यांत घातला. २०१६ साली गॉटहार्डचा तळबोगदा त्यातून उभा राहिला. आल्प्स ओलांडणारा बहुतांश माल तेथे आज रेल्वेने जातो. स्वित्झर्लंड हा काही समाजवादी देश नव्हे. बँकांचे माहेरघर आहे. तेथे जे भांडवलशाहीच्या चौकटीतही जनमताच्या रेट्याने साधले, ते येथे अशक्य असल्याचा कांगावा कशासाठी?

रेल्वेतही आता हाच कित्ता गिरविला जात आहे. २००६ साली कंटेनर गाड्या खाजगी कंपन्यांना खुल्या झाल्या. १९८८ साली स्थापन झालेल्या, नफ्यात चालणाऱ्या कंटेनर महामंडळातील ३०.८ टक्के भाग विकण्याचा निर्णय नोव्हेंबर २०१९ मध्ये झाला. २०२१ च्या चलनीकरण योजनेत रेल्वेच्या मालमत्तेतून दीड लाख कोटींहून अधिक रक्कम काढण्याचे उद्दिष्ट मांडले गेले. प्रथम उपाशी ठेवावयाचे, मग अशक्त म्हणून हिणवावयाचे आणि अखेर लिलावात काढावयाचे, असा हा क्रम आहे. १९९१ च्या सुमारास साडेसोळा लाख असलेले रेल्वे कर्मचारी आता बारा लाखांच्या आसपास उरले आहेत; २०२२ अखेर तीन लाखांहून अधिक पदे रिक्त असल्याचे सरकारनेच संसदेत सांगितले. वीस पट माल ओढावयास लावून माणसे कमी करावयाची, हीच त्यांची कार्यक्षमता!

ट्रकचालक हा शत्रू नव्हे

येथे एक गैरसमज वेळीच दूर केला पाहिजे. रेल्वेची बाजू घेणे म्हणजे ट्रकवाल्याच्या पोटावर पाय आणणे, असा अपप्रचार होऊ शकतो, आणि आपल्यातीलही काही कार्यकर्ते त्याला बळी पडतात. देशातील बहुसंख्य ट्रकमालक हे एक ते पाच ट्रकांचे मालक आहेत. ते सावकारी व्याजाच्या कर्जात बुडालेले असतात आणि भाडे ठरविणारा दलाल त्यांना पिळतो. चालक आणि क्लीनर यांना ना कामाचे तास, ना विश्रांती, ना भविष्य निर्वाह निधी. जानेवारी २०२४ मध्ये नव्या न्याय संहितेतील दहा वर्षांच्या शिक्षेच्या तरतुदीविरुद्ध हेच चालक रस्त्यावर उतरले. पेट्रोलपंप कोरडे पडले आणि सरकारला ती तरतूद स्थगित ठेवावी लागली. रस्त्याच्या वाढीचा नफा कंत्राटदार, वित्त कंपन्या आणि मोठे वाहतूकदार यांनी खाल्ला. चालकाच्या वाट्याला जागरण आणि मृत्यू आला.

लांब पल्ल्याचा जड माल रुळावर आणि स्थानकापासून दारापर्यंतचा पल्ला ट्रकवर, अशी विभागणी झाली तर चालक रात्री घरी पोहोचेल, आणि मालधक्का पुन्हा जागा झाल्यावर माथाडीला काम मिळेल. मात्र ही विभागणी आपोआप होणार नाही. तीत ट्रकचालकाच्या रोजगाराची, वेतनाची आणि कर्जमुक्तीची हमी आधी दिली पाहिजे. तशी हमी नसेल तर रेल्वे कामगार आणि ट्रकचालक यांना एकमेकांविरुद्ध उभे करण्याची आयती संधी शासनाला मिळेल.

कर्तव्य

८ मे १९७४ रोजी लाखो रेल्वे कामगार संपावर गेले, तेव्हा शासनाने हजारोंना तुरुंगात टाकले, वसाहतींतून त्यांच्या बायकामुलांना बाहेर काढले. त्या संपाने देशाला एक गोष्ट शिकविली : रेल्वे कोणाच्या हातांवर चालते. आज प्रश्न केवळ त्या हातांच्या वेतनाचा राहिलेला नाही. रेल्वे कोणासाठी चालावी, हा आहे.

म्हणून कामगार-शेतकऱ्यांच्या संघटनांनी या मागण्या एकत्रितपणे पुढे रेटल्या पाहिजेत. प्रवासी सेवेचा सामाजिक खर्च सर्वसाधारण तिजोरीने उचलावा आणि मालभाडे त्या बोजातून मोकळे करावे. मालमार्गांचे अपुरे तुकडे आणि मागास भागांतील मंजूर रेल्वेमार्ग मुदत ठरवून पुरे करावेत. सुट्या मालाची वाहतूक आणि लहान स्थानकांचे मालधक्के आधुनिक स्वरूपात पुन्हा उघडावेत. शेतमालाची भाडेसवलत कायमची करावी. जड वाहनांनी रस्त्याच्या झिजेचा खरा खर्च वजन आणि अंतर यांनुसार भरावा, व तो पैसा रुळांत घालावा. रिक्त पदे भरावीत, कंटेनर महामंडळाची विक्री रद्द करावी. ट्रकचालकांना किमान वेतन, निश्चित कामाचे तास आणि सामाजिक सुरक्षा द्यावी.

या मागण्या नागपूर-भुसावळच्या रेल्वे वसाहतीत जितक्या मांडावयाच्या, तितक्याच इटारसी, जबलपूर, हुबळी आणि वडोदऱ्याच्या यार्डांत, आणि त्याहून अधिक महामार्गाकाठच्या ढाब्यांवर मांडावयाच्या आहेत. जेथे रूळ आणि रस्ता एकमेकांना छेदतात, त्या फाटकाशी उभा असलेला गेटमन आणि गेट उघडण्याची वाट पाहणारा ट्रकचालक हे दोघे एकाच धोरणाचे बळी आहेत. हे त्या दोघांना पटेल, त्या दिवशी त्या धोरणाचे दिवस भरले म्हणून समजावे.